सायत्राबाईचं विरजण

अळी पडली की लोक जिवंत अळ्या वेचतात. सायत्राबाई मेलेल्या वेचायची. एक काडी गेलेला चष्मा सुतळीने कानाला अडकवून ती भुईमुगाच्या ओळीत वाकायची आणि पांढरी पडून ताठलेली अळी दिसली की चिमटीत धरून गाडग्यात टाकायची. वळवळणारीला हातसुद्धा लावायची नाही. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी बांधावरूनच ओरडलो, "अहो बाई, मेलेल्या काय वेचता?" मान वर न करता ती म्हणाली, "जितीले कायले हात लावू? तिचं मरन मांगून येऊनच राह्यलं."

मी तेव्हा कामरगावजवळच्या एका गावात नवा ग्रामसेवक होतो. आणीबाणीच्या आधीची दोन-तीन वर्षं ती. वाशीमही तेव्हा अकोला जिल्ह्यातच होतं. अंगात टेरिलिनचा शर्ट, सायकलच्या कॅरिअरला कीड मारायच्या पावडरीची पिशवी, आणि डोक्यात अशी हवा, की शेती जणू मीच शोधून काढली! सायत्राबाईचं घर छप्पन्न साली बौद्ध झालेलं. नवरा वारलेला, मुलगा बाहेरगावी कामाला. तीन एकर वावर ती एकटीच करायची.

त्या पावसाळ्यात पंचायतीसमोर मी पावडर कशी धुरळायची ते दाखवत होतो. गर्दीत सायत्राबाई दिसली आणि माझ्या जिभेला खाज सुटली. म्हणालो, "आपल्या गावात एक बाई अळ्यांची चटणी वाटतात बरं का!" लोक पोट धरून हसले. हशा ओसरेपर्यंत ती उभी राहिली. मग म्हणाली, "हासून झालं असन तं वावरात चाला, भाऊ. पाहाले काही लागत नाई, डोयेच लागते."

चारचौघांत नाही कसं म्हणणार? गेलो. शेजारच्या वावरात पानांची नुसती चाळणी झालेली. तिच्या वावरात भुईमूग हिरवागार, आणि पानांच्या टोकांना ताठलेल्या अळ्या चिकटलेल्या. काही पांढऱ्या, काहींवर हिरवट भुकटी. "हा बुरा हाय," ती सांगू लागली. "लोनच्याले येते न, तसा अयीले येते. आपसूक बी येते, पन पीक खाऊन झाल्यावर. विरजन असलं तं आंदी लागते." अळीला ती 'अयी' म्हणायची आणि त्या मेलेल्या अळ्यांना विरजण. त्या वाळवून, गाडग्यात घालून वर्षभर सावलीत ठेवायच्या. पुढच्या साली अळी दिसली रे दिसली, की पाट्यावर पाण्यात वाटायच्या, फडक्याने गाळायच्या आणि सांजच्याला कडुनिंबाच्या डहाळीने शिंपडायच्या. कोणी शिकवलं म्हणून विचारलं, तर म्हणाली, "कोनी नाई. एकडाव त्या अयायचे हात धुतले, पानी तिथंच फेकलं. तिथल्याच अया मेल्या. मंग पाह्यत राह्यली, बस."

मी चाट पडलो. तोंडातून निघून गेलं, "हे मी अकोल्याच्या शेतकी कॉलेजात नेऊन तपासून आणतो." तिचा चेहरा असा काही खुलला! घरी नेऊन तिने मला बाजेवर बसवलं आणि चहा मांडला. मी घाईघाईने म्हणालो, "आज उपास आहे." ती म्हणाली, "चहा तं उपासाले चालते न जी." मग मला एकाएकी पित्त झालं. तिने काय ते ओळखलं असणार. पाण्याच्या माठाआडून गाडगं काढलं आणि अख्खं माझ्या हातात दिलं.

"थोडं ठेवा की तुम्हाला," मी म्हटलं.

"नाई जी. तपासाले कमी पडलं तं? शिकलेल्या मानसाच्या हाती देलं म्हनजे वाया जात नाई. फकत उन्हात नका ठेवू. मरते ते."

मी पाटलांच्या वाड्यामागच्या खोलीत भाड्याने राहत होतो. जातपात मानत नाही, असं भाषणात ठासून सांगायचो. पण त्या घरातलं गाडगं उंबऱ्याच्या आत न्यायला माझा हात धजेना. पाटलीणबाईंनी एका शब्दाने विचारलं नव्हतं. त्यांना पत्ताही नव्हता. माझं मीच ते बाहेर ओट्याच्या कडेला ठेवलं, भर उन्हात. वास येतो, असं स्वतःला सांगितलं. वास नव्हता. पुढच्या आठवड्यात अकोला, त्याच्या पुढच्या आठवड्यात अकोला, असं करत दोन महिने गेले आणि एके दिवशी ते गाडगं मी काठीने ढकलून उकिरड्यात टाकलं. काठीने! अजून ती काठी आठवली की मान खाली जाते.

पुढच्या साली अळी आली. सायत्राबाई पंचायतीत येऊन दाराशी उभी राहिली. "भाऊ, काय म्हनलं अकोलेवाल्यायनं?"

"अजून कळवलं नाही," मी कागदातून डोकं न काढता म्हणालो.

"मंग थोडं विरजन तरी वापस भेटते का? वावरात राह्यलेल्या अया मांगच्या पान्यात वाहून गेल्या, न औंदा अयी लय हाय."

"ते तिकडेच राहिलं."

ती म्हणाली, "राहू द्या. तिथं तं तिथं. कोनाच्या तरी वावरात पडन." आणि गेली. त्या साली बुरा आपसूक आला, पण ती म्हणायची तसाच, भुईमुगाच्या नुसत्या काड्या उरल्यावर. दिवाळीनंतर ती दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचताना दिसली. मी सायकल दुसऱ्या वाटेने घेतली.

माझी बदली रिसोडकडे झाली. चार-पाच वर्षांनी एका प्रशिक्षणात प्राध्यापकांनी पडद्यावर चित्र दाखवलं: पानाच्या टोकाला चिकटलेली पांढरी, ताठ अळी. ही बुरशी शेतकऱ्याची मित्र आहे, ती वाढवून फवारता येईल, असं ते सांगत होते. बाकीचे लिहून घेत होते. माझ्या हातातलं पेन हललं नाही. कबूल करायचंच, असं ठरवून दुसऱ्या दिवशी एसटीने तिच्या गावी गेलो.

सायत्राबाई आदल्या हिवाळ्यात वारली होती. मी ओळख सांगताच सुनेने दारातच विचारलं, "तुमीच का ते ग्रामसेवकभाऊ? बुढी लय नाव घे तुमचं. पोरायले सांगे, माह्यं विरजन कॉलेजात हाय म्हने." तिने बाज टाकली. माठ त्याच जागी होता; त्याच्याआड काही नव्हतं. चहाचा कप मी दोन्ही हातांनी घेतला. कबुलीचं पहिलं वाक्य मी एसटीतच जुळवून आणलं होतं.

"लागलं का मंग तिथं?" तिने विचारलं.

"लागलं," मी म्हणालो.

तिला इतका आनंद झाला, की नको नको म्हणत असताना तिने माझ्या कपात आणखी चहा ओतला. तोही मी प्यायलो.