गुलाबी आणि निळ्याच्या मधला पट्टा

“काका, हा लव्हेंडर न्हाई. हा राखाडी हाय.”

किरण दुकानाच्या पायरीवर उभा राहून कापडाचा तुकडा उन्हात धरून बघत होता. असे बरेच तुकडे झाले होते. मी आतूनच ओरडलो, “अरे, आत ये, ट्यूबखाली बघ. लव्हेंडरच आहे.”

“आत लव्हेंडर हाय. भाईर राखाडी. मग खरा कुठला?”

मी पायरीवर आलो. कारण ‘कापड उन्हात बघा’ हे मीच सगळ्या गिऱ्हाइकांना सांगत असतो.

दौंडच्या बाजारात माझं मॅचिंग सेंटर आहे. म्हणजे साडी तुम्ही कुठूनही आणा, तिला जुळणारं ब्लाउजपीस, अस्तर, फॉल आमच्याकडं मिळणार. सगळा धंदा शेडवर, म्हणजे रंगछटांवर चालतो. नुसत्या हिरव्याचे माझ्याकडं इतके ताके आहेत की नवी सून बघून रडकुंडीला येते. ट्यूबलाइट रंगाला हमखास फसवते, म्हणून पक्कं करायच्या आधी कापड बाहेर न्यायचं. माझी नजर या कामात तयार आहे. बायको म्हणते, तुम्हाला माझी लग्नातली साडी आठवते, मी सकाळी काय सांगितलं ते आठवत नाही. खरंच आहे ते.

किरण रेल्वेत सिग्नलकडं टेक्निशियन आहे. कॉलनीत क्वार्टर आहे. बोलताना कधी ‘मी आलो’ म्हणतो, कधी ‘मी आले’. ज्या दिवशी जसं बोलणं झालं तसंच मी इथं लिहितोय.

त्या दिवशी आल्या आल्या त्यानं मोबाईलवर एक चित्र दाखवलं होतं. सात आडवे पट्टे. वर गडद गुलाबी, मग फिका गुलाबी, मग लव्हेंडर. मधोमध पांढरा. खाली परत लव्हेंडर, मग आकाशी, मग निळा.

“कुठल्या मंडळाचा झेंडा?” मी विचारलं.

“मंडळाचा न्हाई काका. माझा.” त्यानं मोबाईल माझ्या हातात दिला. “बायजेंडर म्हणत्यात. म्हंजी मी बाई पण हाय आन् पुरुष पण. कवा एक, कवा दुसरं, कवा दोन्ही संगंच.”

मला कळलं का? तेव्हा अर्धंमुर्धं. पण रंग समोर होते आणि रंगातलं मला कळतं. म्हटलं, “एकेक पट्टा सांग.”

“गुलाबी बाईचा. निळा पुरुषाचा.”

“ते कुणीही सांगेल. प्रत्येकी दोन कशाला?”

“ते मी माझ्यापुरतं असं धरलंय, की रोज सारखंच गडद नसतं.” तो हसला. “लव्हेंडर म्हंजी दोन्ही एकत्र. आन् पांढरा म्हंजी मधली मोकळी जागा. इकडून तिकडं जायला लागती ती.”

“पांढरा कुठला पण? दुधी, मोतिया, का नीळ दिलेला?”

“पांढरा पांढरा.”

“असा काही पांढरा नसतो बाबा,” मी म्हटलं आणि माझ्या मतानं उत्तम असा पांढरा काढून ठेवला. “हा सरकारी नमुना आहे का?”

“छ्या. लोकांनीच काढला, नेटवर. दुसरे पण हाईत. एकात पिवळा पट्टा हाय, बाई-पुरुषाच्या भाईरच्यांसाठी. मला हा जमतो.”

“म्हणजे ज्याला जो मॅच होईल तो.”

“व्हय. आमच्या सिग्नलमधे एका रंगाला एकच अर्थ. तिथं दुसरा काढला तर गाड्या धडकतील. म्हणून तर तुमच्याकडं आलो.”

पोरगं बोलायला गोड होतं. मी म्हटलं, “मग ऑनलाइन का मागवत नाहीस? तयार येईल, माझं डोकं तरी खाणार नाहीस.”

यावर तो कापडाची कड बोटात गुंडाळत बसला. मग म्हणाला, “आईला दाखवायचाय. मागच्या सुट्टीत तिला सांगून बघितलं. मोबाईलवर चित्र दावलं. ती म्हणाली, एक काय ते ठरव आन् मगच घरी ये. तवापासनं फोनवर फक्त ‘जेवलास का’ विचारती आन् ठेवून देती. तिला मोबाईलमधलं कळत न्हाई काका. पण कापडातलं कळतं. इनामगावात सगळ्या बायकांची ब्लाउजं तीच शिवती.”

मी उठूनच उभा राहिलो. “तू सुमनताईंचा?”

सुमनताई म्हणजे माझं सगळ्यात किचकट गिऱ्हाईक. त्यांना शिरूरही जवळ आहे, तरी अस्तर घ्यायला दौंडला येतात आणि सगळे ताके उलथेपालथे करून जातात. त्यांच्या नजरेला मी भितो, हे मी घरीसुद्धा कबूल केलेलं नाही.

“ह्या फडक्यावर हाय काका सगळं,” किरण म्हणाला. “ह्यानं पण तिला न्हाई कळलं, तर मी घरी जायचं कसं?”

आता हा लव्हेंडर सापडायलाच पाहिजे होता. शेड कार्ड उलथंपालथं केलं. शेड कार्ड म्हणजे कंपनीच्या सगळ्या रंगांच्या चिंध्या चिकटवलेला पुठ्ठा. तिथला लव्हेंडर आमसुलाकडं झुकत होता. पुण्याच्या व्यापाऱ्याला फोन केला. त्यानं ‘एक नंबर लव्हेंडर’ म्हणून ताका पाठवला. मी तो उन्हात उलगडला आणि कपाळावर हात मारला. नुसती राख! गुलाबीजवळ धरला तर निळा दिसायचा, निळ्याजवळ धरला तर मळका. दोघांच्या मधे त्याला बसताच येईना. मी सातही तुकडे एकाखाली एक टाचणीनं लावून काउंटरवर ठेवून दिले आणि येता-जाता त्यांच्याकडं बघून चिडत राहिलो.

अशात बाजाराच्या दिवशी सुमनताई आल्या. मला आवरायला वेळच मिळाला नाही.

“भाऊ, अस्तर दावा,” म्हणाल्या आणि त्यांची नजर पट्ट्यांवर गेली. “ह्यो जांभळा कुनी लावलाय? मेलाय की ह्यो.”

मी अस्तराचा ताका पुढं ओढला. म्हटलं, “एका गिऱ्हाइकाची ऑर्डर आहे.”

“गुलाबी आन् निळ्याच्या मधला पायजे ना त्यांना?”

“हो.”

“मग साधा रंगीवलेला कशाला घेता? धूपछाव घ्या की! फिका गुलाबी आन् आकाशी. तुमच्याच वरच्या फळीवर हाय. म्या गेल्या साली सरपंचांच्या सुनंला त्याचंच ब्लाउज शिवलं.”

धूपछाव म्हणजे ज्यात उभे धागे एका रंगाचे आणि आडवे दुसऱ्या रंगाचे असतात, ते कापड. हलवलं की रंग फिरतो. माझ्याच दुकानातला ताका आणि मला दिसला नाही! मी स्टूलवर चढून तो काढला. लव्हेंडरच्या जागी ठेवला. वरच्या बाजूनं गुलाबीत मिसळला, खालून आकाशीत. काय सांगू, अंगावर काटा आला.

“झेंडा दिसतोय,” सुमनताई म्हणाल्या. “कुनाचा?”

आता मी काय बोलणार? सांगायचं ते किरणनं सांगायचं, मी कोण मधे? ताईंसाठी चहा सांगितला आणि बाहेर जाऊन फोन लावला. “तुझी आई दुकानात आहे. झेंडा बघितलाय. कुणाचा ते मी सांगितलेलं नाही. यायचं की नाही, तू ठरव.”

पलीकडं गाडीची शिट्टी वाजली. मग, “मी आले काका. थांबवा तिला.”

चहा संपायच्या आत किरण आली. युनिफॉर्मवरच, हाताला ग्रीस. पायरीवरच उभी राहिली. ताईंनी तिच्याकडं बघितलं, मग काउंटरकडं, मग परत तिच्याकडं. त्यांना कळलं. मोबाईलवर बघितलेलं चित्र विसरल्या नव्हत्या.

“तुजा हाय व्हय ह्यो?”

“व्हय आई. तुलाच दावायला करत होते.”

ताई धूपछावाचं टोक घेऊन पायरीपर्यंत गेल्या आणि उन्हात धरलं. वळवलं, परत वळवलं. मग शिवणाऱ्या बायका करतात तसं नखानं कडेचा एक धागा ओढला. गुलाबी निघाला. आडवा ओढला, आकाशी निघाला.

“ह्यात जांभळा धागाच न्हाई,” त्या म्हणाल्या.

“न्हाई,” किरण म्हणाली. “गुलाबी पुरा गुलाबी हाय, निळा पुरा निळा. अर्धवट कायबी न्हाई. माझं पण तसंच हाय आई.”

रस्त्यावरून जीपवाला ओरडत गेला. मी उगीचच ताके सारखे करत होतो.

“आन् म्या म्हनलं, एक काय ते ठरव.” ताई कापडाकडंच बघून बोलत होत्या. “ह्यातला एक रंग ओढून काढला तर कापडच ऱ्हायचं न्हाई.” मग एकदम किरणवर ओरडल्या, “मग तवाच असं सांगायचं ना! मोबाईल काय दावत बसतो मेल्या! मला हिकडं घासबी गिळंना झाला हुता!” आणि पदर डोळ्याला लावून रडायलाच लागल्या. किरण पायरीवरच बसली आणि तीही रडायला लागली. दोन गिऱ्हाइकं बाहेरच्या बाहेर परत गेली. जाऊ देत म्हटलं.

रडणं संपल्यावर ताईंनी नाक पुसलं आणि कामाला लागल्या. “शिवायला कुनाकडं देनार हुता भाऊ? त्या कोपऱ्यावरल्या टेलरकडं? वाकडं करंल तो. धूपछावाचे दोरे सुटत्यात, आधी कडा बांधाया लागत्यात. मीच शिवते.” मग किरणकडं वळल्या. “आन् ह्याचं तुला काय शिवू? शर्ट का पंजाबी ड्रेस?”

किरणनं आधी माझ्याकडं बघितलं, मग आईकडं. हळूच म्हणाली, “दोन्ही.”

“मग एवढ्यानं काय हुतंय! भाऊ, चांगलं लांब फाडा.”

पिशवीतून टेप काढून त्यांनी दुकानातच माप घ्यायला सुरुवात केली. खांदा, छाती, बाही. मी म्हटलं, “ताई, शर्टाचं वेगळं घ्यायला नको का?”

“अंग तेच हाय की,” म्हणाल्या आणि टेप गुंडाळला.

पुढं झेंडा शिवून झाला. किरण पुण्याला मित्रमैत्रिणींबरोबर असे झेंडे घेऊन निघणाऱ्या प्राइड मोर्चाला गेला, अंगात त्याच धूपछावाचा शर्ट. परत आल्यावर मला फोटो दाखवायला आला. भर उन्हात काढलेला फोटो, लव्हेंडर असा झळकत होता की मी चष्मा पुसून परत बघितला. सगळे विचारत होते म्हणे, हे कापड कुठं मिळालं. मी फुशारलोच. पण शेडवाल्याची नजर गप्प बसत नाही. झेंड्याच्या मधल्या पट्ट्याशी काहीतरी खटकलं.

“हा पांढरा मी दिलेला नाही.”

किरण ओशाळला. “आईनं बदलला. म्हणाली, भाऊंचा पांढरा उन्हात पिवळा मारतोय, मग अर्थच बदलंल. तिच्या नव्या ब्लाउजसाठी आणलेल्या अस्तरातलं कापून लावलं.”

मी उठलो, माझा पांढरा ताका पायरीवर नेला आणि उन्हात धरला. मारत होता, पिवळा मारत होता. इतके दिवस लव्हेंडरच्या मागं लागलो आणि पांढरा बाहेर नेऊन बघायचाच राहिला. आता नियम केलाय, पांढरासुद्धा उन्हात बघितल्याशिवाय फाडायचा नाही. त्या झेंड्यात मात्र सुमनताईंचाच पांढरा बरा दिसतो.