पाठीवरचा गेरू

पोरकं कोकरू परक्या मेंढीच्या गळ्यात मारावं तर साखराबाईनंच. धारूरच्या डोंगराकडेचे सगळे धनगर हे कबूल करतात, तिच्याशी बोलचाल बंद असलेलेसुद्धा. मेंढी मोठी हट्टी जात. पोटचं मेलं तरी दुसरीच्या पिल्लाला सडाला तोंड लावू देत नाही, ढुशी मारून उलथं पाडते. साखराबाई मग मेलेल्या कोकराचं कातडं सोलून पोरक्याच्या पाठीवर चढवते आणि पोटाखाली दोरीनं बांधते. मेंढी वास घेते, आपलंच समजते आणि पान्हा सोडते.

लग्नात बापानं तिला एक काळी मेंढी आंदण दिली होती. अंगावर सोन्याचा मणी नव्हता, पण त्या मेंढीचा ताठा केवढा! तिची वेल वाढली, रोगराईत आटली, काही लांडग्यानं नेली, आणि शेवटी एकच काळी गाभण मेंढी उरली. "माजं म्हायेर चार पायांवर उभं हाय," असं साखराबाई म्हणायची. तिचा नवरा सटवा हसायचा, पण चाऱ्याची पहिली पेंढी त्या काळीपुढेच टाकायचा.

त्या वर्षी पावसानं लवकर पाठ फिरवली. डोंगरावर हिरवं पान औषधालाही उरलं नाही. कळप वाळल्या कुसळावर आणि कडब्यावर जगत होता. कोकरं जन्मायची गुटगुटीत, आणि थोड्याच दिवसांत त्यांचे मागचे पाय आखडायचे. उभं राहता येईना, मग सडापर्यंत पोचता येईना. कुणी म्हणालं, करणी आहे. देवऋष्यानं कोंबडं खाल्लं, कोकरं मरायची ती मरतच राहिली. शेवटी सटवानं तालुक्याहून जनावरांच्या डॉक्टरला आणलं.

डॉक्टरनं मेलेलं कोकरू फाडून दाखवलं. मांडीचं मांस शिजवल्यासारखं पांढरंफटक झालं होतं.

"मावशी, खाल्लेलं अंगात जळतं तेव्हा ताकद येते," तो म्हणाला. "चूल म्हटली की ठिणग्या उडणारच. हिरव्या पाल्यातलं सत्त्व आणि मातीतून चाऱ्यात उतरणारं सेलेनियम, हे दोघं मिळून त्या विझवतात. इथं पाला वाळलाय आणि मातीतही सेलेनियम कमी. मग ठिणग्या मांसच जाळत सुटतात."

"मग द्या की घमेलंभर," सटवा म्हणाला.

"घमेलंभर दिलं तर आजच मरतील. ते लागतं चिमटीच्याही चिमटीएवढं. एकदा टोचलेल्याला लगेच पुन्हा टोचलं, तर तेच विष."

डॉक्टरनं एकेक कोकरू टोचलं आणि साखराबाईनं टोचलेल्याच्या पाठीवर गेरूचा पट्टा ओढला. पुढं होणाऱ्या कोकरांसाठी डॉक्टर औषध ठेवून, टोचायचं शिकवून गेला.

एक पांढरं कोकरू टोचूनही सांजेला गेलं. त्याला उशीर झाला होता. त्याच सांजेला काळी मेंढी व्याली आणि व्यायल्या जागीच मेली. मागं राहिली एक काळी मादी, एवढीशी. साखराबाईला हंबरडा फोडायचा होता, पण पिल्लू भुकेलं होतं. तिनं पांढऱ्याचं कातडं सोललं, त्या इवल्या काळीच्या पाठीवर बांधलं, आणि पांढऱ्याच्या आईनं ती जवळ केली. साखराबाईला हायसं वाटलं. म्हायेर वाचलं होतं.

पुढं आणखी कोकरं झाली. साखराबाई सुई घेऊन बसली, सटवा जाळीच्या कुंपणातून एकेक धरून आणू लागला.

"गेरू नसलेलीच आना बरं," तिनं बजावलं. "दुबार टोचलं तर इख हाय."

सटवानं एकही गेरूवालं आणलं नाही. बायकोचं इतकं काटेकोर त्यानं जन्मात पहिल्यांदाच ऐकलं असेल.

काही दिवसांनी काळी आखूड पावलं टाकू लागली. साखराबाईनं सटवाला हाक मारली.

"आवं, हिला टोचलंय न्हवं?"

"गेरू हाय की पाठीवर."

तिला बरं वाटलं. दुबार टोचायची तर तिला धास्तीच होती. थकली असेल, म्हणून तिनं काळीला सावलीत ठेवलं.

मग कातड्याला घाण सुटली. मेंढीला आता पिल्लाची सवय झाली होती, म्हणून साखराबाईनं दोरी सोडली. कातडं बाजूला केलं. काळीची पाठ कोरी होती. गेरू होता तो मेलेल्याच्या कातड्यावर.

तिनं लगेच काळीला टोचलं.

"मी गेरू बगितला गं," सटवा म्हणाला.

"कातडं मीच बांदलं. तुमाला का म्हून बोलू?"

काळीला उठवेना. मेंढी हाका मारत होती. साखराबाईनं पिल्लू उचलून सडाला लावलं, पोटाखाली हात देऊन धरून ठेवलं. काळीनं दोन-चार घोट ओढले, आणि मान तिच्या मनगटावर पडली. तोंडातलं दूध हातावर ओघळलं. ते अजून गरम होतं.

मेंढी तुंबल्या कासेनं ओरडत राहिली. पलीकडं एक जुळ्यातलं कोकरू आईला दूध पुरेना म्हणून उपाशी पडलं होतं. सटवा सुरी घेऊन आला. साखराबाईनंच ती मागून घेतली.

आधी तिनं त्या उपाशी कोकराच्या पाठीवरचा गेरू बघितला आणि त्याच्या कपाळालाही गेरू लावला. मग आपल्या म्हायेराचं कातडं सोलून त्याच्या पाठीवर बांधलं. मेंढीनं वास घेतला आणि पान्हा सोडला.