गल्लीत कुणाचं इंटरनेट चांगलं

दिवाळीनंतर घरातलं इंटरनेट रोज दुपारी जायला लागलं. मी कन्नडमधून मराठीत भाषांतराची कामं करते. जमिनीचे दस्त, वाटणीपत्रं, कोर्टातले जबाब. माझं माहेर जयसिंगपूरचं, घरात कन्नडच बोलायचे, त्याचा हा उपयोग. बेळगावकडचे वकील दुपारी फोन करून एकेक ओळ विचारतात. तेव्हा फाइल समोर उघडलेली लागते, आणि नेमका तेव्हाच राउटरवर लाल दिवा.

कनेक्शन यांच्या नावावर होतं. हे जाऊन दोन वर्षं होत आली होती. फेब्रुवारीतल्या एका सकाळी अंघोळ करून बाहेर आले, "जरा बसतो" म्हणाले आणि खुर्चीत बसले ते बसलेच. फार अचानक झालं, असं सगळे म्हणाले. मीही दोन वर्षं तेच सांगत आले.

कंपनीला फोन केला तर पलीकडची मुलगी म्हणाली, "मॅडम, ज्यांच्या नावावर आहे त्यांनाच फोन द्या."

"ते नाहीत."

"मग किती वाजता येतील?"

मी फोन ठेवला. पुण्याला असलेल्या मुलीला सांगितलं, तर ती म्हणाली, "आई, ते कनेक्शन सोडूनच दे. गल्लीत विचार कुणाकडे कुठलं चांगलं चालतं." तिचं बरोबर होतं. घरातला गॅस, बँक, गाडीचा विमा, सगळं मी बघायचे. इंटरनेट तेवढं यांच्याकडे होतं, म्हणून मी त्याला कधी हात लावला नव्हता.

दुसऱ्या दिवशी वही घेऊन निघाले. वहीत तीन रकाने आखले होते: वेग किती, लाईट गेल्यावर चालतं का, बिघडलं तर माणूस कधी येतो. आमची कॉलनी कसबा बावड्यात. साखर कारखान्याचा हंगाम सुरू झालेला, हवेत मळीचा वास, गच्चीवरच्या कपड्यांवर काजळी.

समोरच्या बंगल्यात कारखान्यातले निवृत्त केमिस्ट राहतात. त्यांच्याकडे मोठ्या कंपनीचं फायबर आहे. त्यांनी मला टीव्हीमागचा डबा दाखवला, वेग झकास आहे म्हणाले. मग म्हणाले, "पण वहिनी, रस्ता खणला की वायर तुटती, आणि चार-चार दिवस कोण फिरकत न्हाय. हे सगळं सांगितलंतं की मी तुमच्या मिस्टरांस्नी."

मला वाटलं, जुनी गोष्ट असेल. दोघं रोज सकाळी बरोबर फिरायला जायचे, काहीही बोलत असतील. मी 'चार दिवस' लिहून घेतलं आणि निघाले.

कोपऱ्यावरच्या घरात एक बाई ब्युटी पार्लर चालवते. तिनं गच्चीवर सिमकार्डाचा डबा बसवलाय, वायर नाही, काही नाही. एकीच्या डोक्याला मेंदी लावत लावत तिनं मला सगळं सांगितलं. पावसाळ्यात अडखळतं, एरवी बरं आहे. मी लिहीत होते, तेवढ्यात ती म्हणाली, "भाऊजी पण असंच लिहून घेत होतं. त्याच खुर्चीत बसलंतं."

मी बसले होते ती लाल प्लास्टिकची खुर्ची. बायकांच्या पार्लरमध्ये हे कशाला येऊन बसतील?

"कधी आले होते?"

"तुमी माहेरला गेलतासा की, आईचा हात मोडलाता तवा. मला नवलच वाटलं. दारात उभं राहून आत येऊ का म्हणून इचारलं."

आईचा हात मोडला तो जानेवारीत. मी दहा दिवस जयसिंगपूरला होते. परत आल्यानंतर तीन आठवड्यांत हे गेले. त्या तीन आठवड्यांत इंटरनेटचा विषय आमच्यात एकदाही निघाला नव्हता. तेव्हा ते बंदही पडत नव्हतं.

तिथून घरी जायला हवं होतं, पण पाय गल्लीत इंटरनेटही देणाऱ्या केबलवाल्याच्या ऑफिसकडेच वळले. ऑफिस म्हणजे पिठाच्या गिरणीशेजारचा एक गाळा. केबलवाला पन्नाशीचा, गळ्यात वायरची भेंडोळी अडकवलेली. मी पत्ता सांगितला, तसा तो स्टूल पुढे सारून म्हणाला, "बसा वहिनी. साहेबांनी सांगितलंतं, तुमी येशीला म्हणून."

मी बसले. गिरणी चालू होती, त्यामुळे त्याला मोठ्यानं बोलावं लागत होतं.

"काय सांगितलं होतं?"

"वेग-बिग काय इचारलं न्हाय त्येंनी. एवढंच म्हणालं, दुपारचं बंद पडलं आन् मालकीण एकटीच घरात असली, तर फोन केल्यावर माणूस येतो का? मी म्हटलं, येतो की, मी सोता येतो. मग म्हटलं, सायेब, तुमी कुठं निघालाय? तर हसलं आन् म्हणालं, बदली झालीया."

हे निवृत्त होऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती.

"मग बसवलं का नाही तेव्हाच?"

"मार्चला बघू म्हणालं. परत आलंच न्हाईत. नंतर कळलं." त्यानं भेंडोळी काढून टेबलावर ठेवली. "मला वाटलं, तुमास्नी म्हाईत असंल."

घरी आले, दार लावलं आणि मुलीला फोन केला. ती ऑफिसात होती. मी तिला सरळ विचारलं, "बाबांना काय झालं होतं? मी माहेरी होते तेव्हा."

 ती म्हणाली, "आई, मी बाहेर जाऊन बोलते." जिना उतरतानाचा तिचा श्वास मला ऐकू येत होता. खाली गेल्यावर तिनं सांगितलं. छातीत दुखलं म्हणून हे एकटेच दवाखान्यात गेले होते. अँजिओग्राफी केली. त्या दिवशी ती पुण्याहून सकाळच्या एस्टीनं आली आणि संध्याकाळी परत गेली. डॉक्टरांनी बायपास सांगितली होती, फेब्रुवारीच्या शेवटची तारीखही मिळाली होती. "बाबा म्हणाले, आजीचं प्लास्टर निघू दे, मग आईला मी सांगतो. मला शपथ घातली. आणि मग ते राहूनच गेलं."

"दोन वर्षं?"

"कसं सांगणार होते मी?"

मी फोन ठेवला. तिचे नंतर तीन फोन आले, मी घेतले नाहीत. रागच आला होता, आणि तो कुणावर काढायचा ते कळत नव्हतं. ते तीन आठवडे मी आठवून आठवून बघितले. हे जेवत होते, पेपर वाचत होते, मी त्यांना गव्हाचं पोतं वर चढवायला सांगितलं होतं आणि त्यांनी ते चढवलं होतं. त्या पोत्यापाशी माझं डोकं अडकून बसलं. अजूनही अडकतं.

आठवडाभरानं केबलवाल्याला बोलावलं. त्यानं स्वतः येऊन वायर ओढली, बाहेरच्या खोलीत डबा बसवला. दुपारी वकिलांचे फोन आले, फाइल उघडी राहिली, काम झालं. दोनदा बंद पडलं तेव्हा तो स्वतः आला. इंटरनेट चांगलं आहे. पण मी आता पार्लरवरून जात नाही, मागच्या रस्त्यानं जाते. उघड्या दारातून ती लाल खुर्ची दिसते आणि हे तिथं गुडघ्यावर कागद ठेवून बसलेले असतात. केमिस्टांच्या फाटकातही असतात. मी पोचायच्या आधी सगळीकडे पोचलेले.

मग एका शनिवारी मुलगी आली. न सांगताच आली, दारात बॅग घेऊन उभी. मी चहा टाकला. ती ओट्याला टेकून उभी राहिली. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. ते मला दोन वर्षं दिसत होतं, पण मी ते तिच्या कामाचं समजत होते.

चहा गाळून तिच्या हातात दिला आणि विचारलं, "घाबरले होते का ते, त्या दिवशी?"

पुण्यात राहून तिची भाषा सगळी बदललीय. पण ती खाली बघत म्हणाली, "व्हय."

मग आम्ही दोघी तिथंच स्वयंपाकघरात खाली बसलो, आणि तिनं तो दिवस मला पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.