माधुरीने पूर्ण लिहिलेलं वाक्य

गेल्या महिन्यात एका सकाळी माधुरीच्या नवऱ्याचा, श्रीकांतचा फोन आला. "माधुरी गेली गं... घरीच," एवढंच म्हणाला. 'घरीच' हा शब्द त्याने मुद्दाम वेगळा उच्चारला. का, हे मला ठाऊक होतं.

माधुरी आणि मी कंपनीत शेजारी बसायचो. एपीएल नावाची जुनी, चिन्हांची संगणकभाषा तिला फार प्रिय. वाक्यातले शब्द उलटे करा, स्वर मोजा, असली बारीकसारीक कोडी मी दहा-बारा ओळींत सोडवायचे, ती एका ओळीत. मी तोंड वाकडं केलं की म्हणायची, "तू एकेका शब्दाचा हात धरून रस्ता ओलांडतेस. मी सगळ्यांना एकदम सोडते."

मग स्नायूंचा आजार आला. आधी बोटं गेली, मग पाय, मग आवाज. सदाशिव पेठेतला तिसरा मजला, लिफ्ट नाही. माधुरी एका खोलीत अडकली. पुढे खोलीहून लहान जागेत, स्वतःच्या शरीरात. पडद्यावरचं एकेक अक्षर डोळ्यांनी निवडायचं, त्यातच दमायची. बोटं चालत होती तेव्हाच तिने स्वतःसाठी एपीएलची एक ओळ लिहून ठेवली होती. शब्दांची नुसती पहिली अक्षरं द्यायची, काना-मात्रा सोडून. ती ओळ ही अक्षरं तिच्या नेहमीच्या सगळ्या वाक्यांशी एकदम ताडून बघायची आणि जुळणारं वाक्य संगणक मोठ्याने बोलायचा. भेटायला आलेल्या एका बाईंनी तिच्यासमोरच विचारलं, "हिला कळतं का हो काही?" संगणक बोलला, "कळतं. आपण निघालात तरी चालेल."

श्वास अडखळू लागला तेव्हा हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं. डॉक्टर म्हणाले, गळ्यात नळी घालून यंत्र लावू, पण मग बहुधा इथून हलता येणार नाही. श्रीकांत 'हो' म्हणायच्या बेतात होता. माधुरीने तीन अक्षरं निवडली. म, घ, न. संगणक म्हणाला, "मला घास नको."

"बरं, नको खाऊस," श्रीकांत म्हणाला.

तिने डोळे मिटले. त्याच अक्षरांचं दुसरंही वाक्य होतं, पण ओळ पहिलं सापडेल ते उचलायची. तिच्याच ओळीने तिला कोंडलं होतं. मग तिने डोळे उघडले आणि काना, वेलांटी, जोडाक्षर, एकेक करत, मधे थांबत लिहू लागली... 'मला घरी न्या. नळी नको, श्रीकांत.'

"अगं, मी एकटा काय करू?" तो म्हणाला. तिने नजर पुन्हा 'घरी' या शब्दावर नेली.

दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसवून चौघांनी तिला जिने चढवले.

परवा मी गेले, तर श्रीकांत संगणक पुसत होता. लोणी काळभोरच्या एका शिक्षकांना हाच आजार झालाय, त्यांना द्यायचाय. "तेवढी ती ओळ दुरुस्त करून देशील? जुळणारी सगळी वाक्यं दिसू देत." मी बसले. तो शेजारी बसून चिन्हं बघत होता. थोड्या वेळाने म्हणाला, "सावकाश कर."