‘दूरचं यान’ किती दिवस चालावं

सात रस्त्याजवळ सोहेबचं केबलचं दुकान आहे. दुकान कसलं, वायरींच्या भेंडोळ्यांत दोन खुर्च्या आणि एक टीव्ही. गेल्या वर्षी तिथं एक वाद चांगलाच पेटला होता. तीस वर्षांपूर्वी अर्ध्यावर बंद पडलेली ‘दूरचं यान’ ही अंतराळातली मालिका एका वाहिनीनं पुन्हा सुरू करायचं ठरवलं होतं. यान तेच, माणसंही तीच, फक्त म्हातारी झालेली. प्रश्न एवढाच होता की ती किती चालावी. सोहेबचं मत ठाम होतं. आठ भाग करावेत, भरकटलेलं यान घरी आणावं आणि मोकळं व्हावं. “एकदा मेलेलं उठवलंय. उठवलेल्याला लई फिरवू नये,” असं तो म्हणायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला चहा पाजून त्याच्याकडून हो म्हणवून घ्यायचा.

रत्नदीप त्याच्याकडं कैक वर्षं खांबावर चढतो, घरोघर वायरी ओढतो. एरवी हा माणूस वादात पडत नाही. बोलायला पैसे पडतात की काय, असं वाटावं इतका अबोल. पण या वादात तो तापायचा. “चालू दे की धा वर्सं. वीस वर्सं चालू दे. कुनाचं काय जातंय?” त्याचा चढलेला आवाज ऐकून लोक हसायचे. चाळिशी गाठलेला गडी, लग्नाचा पत्ता नाही, आणि भांडतोय कशासाठी तर यानासाठी. सोहेब मात्र हसत नसे. रत्नदीपला ती मालिका आपल्या आईसाठी चालू राहायला हवी होती, आणि त्यामागं हणमंत होता, हे त्याला ठाऊक होतं.

हणमंत म्हणजे रत्नदीपचा थोरला भाऊ. ही मालिका पहिल्यांदा लागायची तेव्हा रत्नदीप नऊ वर्षांचा होता आणि हणमंत एकोणीसचा. वडील गिरणीत होते, ते आधीच वारलेले. आई येसूबाई विड्या वळून दोघांना वाढवत होती. घरात काळापांढरा टीव्ही होता आणि पत्र्यावर अँटेना. वारा सुटला की चित्रावर मुंग्या यायच्या. मग हणमंत पत्र्यावर चढायचा, दांडा फिरवायचा आणि ओरडायचा, “दिसतंय का?” खालून रत्नदीप ओरडायचा, “न्हाय, आनी जरा.” रविवारी सकाळी अर्धी वस्ती पत्र्यावर आणि अर्धी टीव्हीसमोर, असा सगळा प्रकार.

एका रविवारी चित्र गेलं आणि हणमंत वर चढला. “दिसतंय का?”

“आलं, आलं,” रत्नदीप ओरडला आणि पुन्हा टीव्हीला चिकटला.

हणमंत पत्र्यावरून उतरला तो घरात आलाच नाही. घरात भांडण झालं नव्हतं, बाहेर कसली भानगड नव्हती. संध्याकाळपर्यंत कुणाच्या ध्यानातसुद्धा आलं नाही. नंतर कुणीतरी म्हणालं, केमच्या स्टेशनवर दिसला, रिकाम्या हातानं उभा होता. त्यानंतर तो कुणालाच दिसला नाही. माणूस मेला तर निदान रडता येतं. हा असा उठून गेला की त्याच्यासाठी रडायचं का त्याच्यावर रागवायचं, हेही घरच्यांना ठरवता येईना.

धाकट्यानं अन्नपाणी सोडलं. तेव्हा येसूबाई त्याला जवळ घेऊन म्हणाली, “उगी. जाताना मला बोललाय त्यो. ही मालिका संपली की येतो म्हनलाय.” पोर गप झालं, जेवलं. पुढं दर रविवारी दोघं मायलेकरं टीव्हीसमोर बसू लागली. यान कसल्याशा काळ्या पोकळीत शिरलं, कप्तान काचेतून बाहेर बघत राहिला, आणि पुढच्या रविवारी त्याच वेळेला पाककृतींचा कार्यक्रम लागला. टीव्हीवाल्यांनी मालिका गुंडाळली होती. शेवट झालाच नाही. त्यामुळं हणमंत आला नाही आणि खोटाही पडला नाही.

वस्तीत माणूस गेला की विहारात भंतेजींना बोलावून पुण्यानुमोदन करतात, वंदना होते, चार माणसं जेवतात आणि घरचे हळूहळू कामाला लागतात. हणमंतचं ते कसं करणार? तो गेला असं म्हणायचं कुणी? त्याचा फोटो भिंतीवर लागला, पण त्याला कधी हार चढला नाही. लग्नाचंही तसंच. थोरला असताना धाकट्याचं आधी करत नाहीत. रत्नदीपला स्थळं येत होती. वेळापूरची एक मुलगी तर दोन्हीकडून पसंत पडली होती. “दादा यिऊ दे,” एवढंच तो म्हणाला, आणि त्या मुलीची पोरं आता कॉलेजात जातात. वस्तीतल्या बायका दोष द्यायच्या येसूबाईला, की म्हातारी थोरल्याच्या आशेवर धाकट्याचा जन्म वाया घालवतेय. ती सगळं ऐकून घ्यायची.

अँटेनाही कुणी काढला नाही. गावभर केबल ओढणाऱ्याच्याच घरावर तो गंजत उभा आहे. उन्हाळ्यात भर दुपारी वावटळ उठली की दांडा करकरायचा आणि रत्नदीपला स्पष्ट ऐकू यायचं, “दिसतंय का?” आवाज एकोणीस वर्षांच्या पोराचाच, जराही म्हातारा न झालेला. मग तो आवाज घर सोडून त्याच्या मागं मागं यायला लागला. एकदा होटगी रस्त्याला तो खांबावर चढलेला असताना इतक्या जवळून आला की त्यानं न वळता “न्हाय” म्हणून उत्तर दिलं. खाली उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला वाटलं, आपल्यालाच म्हणाला. रत्नदीपला त्या आवाजाची भीती वाटत नसे. तो यायचा थांबला तर काय, याची वाटायची. रेल्वेनं कुठं जायचं झालं तर केम येताच तो दरवाज्यात जाऊन उभा राहायचा आणि फलाटावरच्या तरण्या पोरांचे चेहरे बघायचा. हणमंत आता पन्नाशीचा असेल, हे त्याच्या लक्षातच राहत नसे.

अशात मालिका परत आली, आणि वाहिनीनं सोहेबच्या मनासारखंच केलं. आठच भाग. येसूबाईचे डोळे काचबिंदूनं गेलेले, कान मात्र तल्लख. “पुन्ना लागनार म्हनं,” ती म्हणाली आणि पहिल्याच रविवारी डोक्यावर पदर घेऊन टीव्हीसमोर ताठ बसली. रत्नदीप मनात हिशेब करू लागला. यान घरी पोचेल, मालिका संपेल, आणि हणमंत येणार नाही. मग ही बाई कशाच्या आधारावर जगायची? तीस वर्षं ती एका वाक्यावर उभी होती आणि ते वाक्य आता आठ रविवारांत संपणार होतं.

त्यानं सोहेबला गळ घातली. दोघांनी दुकानात सगळे भाग उतरवून घेतले. वाहिनीवर मालिका ठरल्या दिवशी संपली. रत्नदीपच्या घरात ती संपेना. एकेका भागाचे चार चार तुकडे झाले. एका रविवारी वाहिनीला सुट्टी, एका रविवारी लाईट नाही. तेही पुरेना तेव्हा यानाच्या घरघरीत सोहेबचा आवाज मिसळला. सोहेब यानावरचा यंत्रदुरुस्तीवाला झाला. “कप्तानसाहेब, इंजन गरम झालंय. या ग्रहावर अजून मुक्काम करावा लागंल,” असं तो गंभीरपणे सांगायचा. येसूबाई मान हलवायची. “ह्यो नवा मानूस लई बोलतो,” एवढंच ती एकदा म्हणाली.

असं वर्ष गेलं. मग एका शनिवारी सोहेबनं माईक बाजूला ठेवला. “रत्नदीप, बस झालं भाई. आता माझ्यानं व्हायचं न्हाय.”

“का वो सोहेबभाई? आनी थोडंच की.”

“मागच्या खेपेला बोलत होतो ना, तर वाटलं, पाठीमागं कुनीतरी उभं हाय. ऐकतंय. मी थांबलो की त्याचा श्वासपन थांबायचा. वळून बघितलं तर कुनी न्हाय.” सोहेब असल्या गोष्टींची टर उडवणारा माणूस. पण बोलताना तो पुन्हा पुन्हा मागं वळून बघत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं जुनाच तुकडा पुन्हा लावायचा बेत केला. येसूबाई जागेवर बसलेली होती. “आज शेवट लाव,” ती म्हणाली.

“शेवट अजून आला न्हाय, आये.”

“मायाक्काच्या घरात कवाच आला. मदी भिंत केवडी हाय आपली? तिला वायर तर तूच दिलीस की.”

रत्नदीपनं भिंतीकडं पाहिलं. शेजारच्या मायाक्काच्या टीव्हीची वायर त्यानं स्वतःच्या हातानं जोडली होती. सातवा भाग, आठवा भाग, सगळं त्या एका विटेच्या भिंतीपलीकडून आईच्या कानावर पडत होतं, आणि त्यानंतर वर्षभर ती त्याच्यासमोर बसून सोहेबचं इंजन ऐकत होती.

“मग बोलली का न्हाईस?”

“तू येवडा जीव तोडून करत व्हतास. कुनासाटी करतोस, ते बगत व्हते.”

“तुज्यासाटी, आये. दादा तुला सांगून गेलाय की, मालिका संपली की येतो म्हनून.”

येसूबाई टीव्हीकडं तोंड ठेवूनच म्हणाली, “त्यो काय बोलला न्हाय, रत्न्या. जाताना मला दिसलाबी न्हाय. मी नळावर व्हते. तू जेवत न्हवतास म्हून माज्या तोंडातनं निगालं ते. वाटलं, चार म्हैन्यांत संपंल ती मालिका, तवर पोर सावरंल, मग सांगू कायतरी. तर ती मदीच बंद पडली. तुज्यात चालूच ऱ्हाईल, हे मला काय ठावं?”

रत्नदीप तिच्याजवळ सरकला. “मग तू दर रविवारी…”

“तू बसायचास म्हून बसायचे. स्थळ आलं की तू दादा यिऊ दे म्हनायचास, आन् माजी जीब उचलायची न्हाय. पोराला यकदा थाप मारली, ती माघारी घ्यायची कशी? हनमंताला मी त्याच साली रडून घेतलं. नळावर रडायचे, पानी सोडून, तुला ऐकू जाऊ नये म्हून.” तिनं पदरानं तोंड पुसलं. “भंतेजींसंगं बोललेय मी. येत्या पुनवेला त्याचं पुन्यानुमोदन करू. लई लांबली रे ही. आता संपू दे.”

“आनी यक रविवार, आये,” रत्नदीप म्हणाला. नऊ वर्षांच्या पोराचा हट्ट होता तो, आणि म्हणताना त्याला स्वतःलाच तो ऐकू आला. इतकी वर्षं वाट कोण बघत होतं, ते त्याला तेव्हा कळलं आणि त्याची त्याला लाज नाही, भीतीच वाटली.

“लाव,” येसूबाई म्हणाली.

त्यानं लावला. यान पोकळीतून बाहेर आलं, ढगांतून खाली उतरलं. म्हातारा कप्तान शिडीवरून उतरला, खाली वाकून त्यानं माती हातात घेतली. संगीत वाजलं, नावं सरकत गेली आणि पडदा निळा झाला. दोघंही जागची हलली नाहीत. पलीकडं मायाक्काच्या घरात भांडं पडल्याचा आवाज झाला, मग तोही थांबला.

येसूबाईनं हात पुढं केला आणि चाचपडत त्याचा चेहरा शोधला. तो दाराकडं वळलेला होता. तिनं त्याची हनुवटी धरली आणि चेहरा हळूच आपल्याकडं फिरवला.

“तिकडं नगं,” ती म्हणाली. “हितं बग.”