पाणी ओसरल्यावर

ही गोष्ट मी बायकोला सांगितलेली नाही. ज्या संपादकांनी मला तिकडे पाठवलं त्यांना नाही. आणि जिला सांगायला हवी होती तिला तर नाहीच – ती माझ्या टेबलापलीकडे बसली होती तेव्हाही नाही. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून तुम्हाला सांगता येईल. कदाचित. याआधी दोनदा लिहायला बसलो होतो. दोन्ही वेळा पहिला परिच्छेद बातमीसारखा झाला – कोण, कुठे, केव्हा – आणि ‘कोण’च्या जागी माझं नाव आलं नाही.

तेव्हा क्रमाने जातो. क्रम मला येतो.

अकोल्याच्या एका साप्ताहिकात मी उपसंपादक होतो. साठनंतरची पहिली दोन-तीन वर्षं. राज्य नवीन होतं. वऱ्हाडातल्या माणसाचं तोंड आजवर नागपूरकडे असायचं, ते आता मुंबईकडे वळलं होतं, आणि या नव्या नकाशात आपल्या वाट्याला एक समुद्रही आला आहे, हे लोकांच्या हळूहळू लक्षात येत होतं. आमच्या संपादकांना याची फार मौज वाटे.

“काहो, समुद्र पाह्यला का कधी?” त्यांनी एके दिवशी विचारलं.

नाही म्हणालो.

“मंग जा. आता तो बी आपलाच झाला. फोटो आना, होळीच्या अंकाले आठ पानं देतो. पन लिवतानी ध्यानात ठेवा राजे हो – आपला वाचक पूर्णेच्या पलीकडं गेला नाई.”

हे शेवटचं वाक्य नंतर मला फार वेळा आठवलं.

जानेवारीत गेलो. कॅमेरा माझा स्वतःचा होता – पोटाशी धरून वरून काचेत पाहायचा, एका रोलात बारा फोटो. नऊ दिवस किनाऱ्याने फिरलो. दीपगृह, बंदराचा धक्का, उतरत्या उन्हातली नारळीची रांग, वाळत घातलेली जाळी. फोटो चांगले आले. सगळे दुरून घेतलेले आहेत, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. तुमच्याही आलं नसतं.

मला पाण्याची भीती वाटते. यामागे लहानपणची काही गोष्ट नाही. मी शोधली, सापडली नाही. पहिल्यांदा समुद्र पाहिला तेव्हा तो मला सुंदर वाटला नाही. तो थांबत नव्हता. आमच्या नद्या जानेवारीत डबक्या-डबक्यांत निजलेल्या असतात. हे पाणी मात्र आवाज करत पुढे येई, मागे जाई, पुन्हा येई – एवढ्या पाण्याला येण्यासारखं काय काम असतं? मी रात्री खोलीची खिडकी लावून झोपत असे.

आठव्या दिवशी तो किल्ला आला. नाव लिहीत नाही. किनाऱ्यापासून थोडा आत, पाण्यात. ओहोटी लागली की मधली वाळू उघडी पडते आणि चालत दरवाज्यापर्यंत जाता येतं. किनाऱ्यावर एक म्हातारी कोळीण मासळी वाळवत बसली होती. तिला विचारलं. ती म्हणाली, “जा की. पन दोन तासांत माघारी फीर. आनि ध्यान मागं ठेव. पानी समोरशी नाय येत, मागशी येतं.” किनाऱ्यालगतची वाळू खोलगट असते, भरतीचं पाणी आधी तिथे शिरतं, तुमच्या पाठीमागे – असं तिने हाताने काढून दाखवलं. मी वहीत उतरवून घेतलं. चार ओळी झाल्या.

मग चप्पल काढून निघालो. वाळू ओली होती, घट्ट होती. थोड्या अंतरावर एक ओहोळ आडवा आला, घोट्याएवढा. त्यात उभा राहिलो आणि टाचांखालची वाळू सरकली. एवढंच झालं. पाणी मागे जाताना टाचेखालची वाळू घेऊन जातं, समुद्रावर गेलेल्या प्रत्येकाला ते माहीत असतं; पोरं त्यासाठीच उभी राहतात म्हणे. पण आमच्याकडची काळी माती पाय धरते, सोडत नाही. ही सोडून देत होती. कुणीतरी खालून जमीन काढून घेतंय – मला दुसरे शब्द सुचत नाहीत. मी वळलो आणि पळालो. म्हातारीने पाहिलं. हसली असती तर बरं झालं असतं. ती हसली नाही.

धाप कमी झाल्यावर, किनाऱ्याच्या उंचवट्यावर कॅमेरा टेकवून मी रोलातला शेवटचा फोटो घेतला. ओली चकाकती वाळू, पलीकडे किल्ला, वर स्वच्छ आभाळ. तोच फोटो पुढे सगळ्यांत गाजला.

आता लेखाकडे येतो. इथे अजून मी तुम्हाला फक्त भित्रा वाटत असेन. भित्रेपणाची एवढी कबुली कशाला, असंही वाटत असेल.

अकोल्यात परतून मी लिहिलं: ‘पाणी ओसरलं की या किल्ल्यात चालत जाता येतं. प्रस्तुत लेखक घोटाही न भिजवता दरवाज्यापर्यंत जाऊन आला.’ बातमीदारीत ‘मी’ लिहायचं नाही, असं आम्हाला शिकवलेलं. खोटं बोलायला ‘प्रस्तुत लेखक’ फार सोयीचा पडतो – तो कुणीच नसतो. त्याच्याखाली म्हातारीच्या चार ओळी होत्या. दोन तास. पाणी मागून येतं. मजकूर पानात चार ओळी जास्त झाला तेव्हा मी त्याच चार ओळी काढल्या. दुसऱ्या काढता आल्या नसत्या का? नारळीवर सहा होत्या. पण या चारांत भीती दिसत होती. जो माणूस घोटाही न भिजवता जाऊन आला, तो एवढं भिऊन कशाला लिहील? कुणीतरी विचारलं असतं. फोटोच्या मागे निळ्या पेन्सिलीने रेघ मारून खालचा दीड इंचही मी कापायला सांगितला. छपाईचा ब्लॉक तसाच झाला.

आणि तो शब्द. ओसरलं. वऱ्हाडात पूर ओसरतो. नाल्याला पाणी येतं ते वर कुठेतरी पाऊस झाला म्हणून. ओसरलं की ओसरलं, पुन्हा पाऊस होईपर्यंत परत येत नाही. माणूस बैल घेऊन निर्धास्त पलीकडे जातो. आमच्या वाचकाला ‘पाणी ओसरलं’ याचा दुसरा अर्थ ठाऊक नव्हता. मी त्यांच्यातलाच. मला हे कळत नव्हतं, असं मी म्हणू शकत नाही.

एप्रिलमध्ये जबाबी कार्ड आलं – जोडीला उत्तराचं कोरं पोस्टकार्ड असतं ते. धामणगाव रेल्वेजवळच्या एका गावच्या प्राथमिक शाळेतले शिक्षक. त्यांना इथे तायडे गुरुजी म्हणतो. नाव बदललं आहे. अक्षर फळ्यावरच्यासारखं सुटं, ठसठशीत. लेख चौथीच्या वर्गात वाचून दाखवला, फोटो भिंतीला लावला आहे. मुलांनी विचारलं, गुरुजी, तुम्ही पाहिला का समुद्र? तेव्हा मेच्या सुट्टीत मी आणि पत्नी जाऊन येतो आहोत. आपण म्हटल्याप्रमाणे पाणी ओसरलं की किल्ल्यात चालत जाऊ. ‘आणखी काही सूचना असल्यास कृपया कळवावे.’ खाली ‘जय भीम’, आणि सही.

एक ओळ पुरेशी होती. दोन तासांत परत फिरा. तेवढ्याने माझं खोटं उघडंही पडलं नसतं. कार्डावर तिकीट छापलेलं होतं, पत्ता त्यांनीच घालून ठेवला होता. मी दौत उघडली – आणि मनात आलं, हे विचारतील: मग छापलं का नाही? संपादकांना लिहितील. शिक्षक माणूस, चूक दाखवल्याशिवाय राहायचा नाही. मी कार्ड खणात ठेवलं. उद्या लिहू. खण रोज उघडावा लागे, कात्री त्यातच होती. कार्ड दिसलं की मी खण लावून टाकत असे. शाळांना सुट्ट्या लागल्याची बातमी मीच लावली. त्या दिवशीही खण उघडला होता.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात दोन इंचांची बातमी आली, आणि ती माझ्याच टेबलावर आली. ‘धामणगावकडील शिक्षकाचा समुद्रात बुडून मृत्यू.’ मथळा मी दिला. शुद्धलेखन तपासलं. मजकुरात एक वाक्य होतं – मृताच्या खिशात एका साप्ताहिकाचं कात्रण सापडलं. ते मी काढलं. हे लिहायला हवं, म्हणून लिहितो.

पंधरा दिवसांनी ती आली. तिशीची असेल. सोबत दीर होता, तो दाराशीच उभा राहिला. तिने हात जोडले, खुर्चीच्या कडेवर बसली आणि पदरातून कात्रण काढून टेबलावर ठेवलं. मिठाने कडक झालेलं. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. मला वाटलं, झालं. कळलं हिला.

पण ती भांडायला आली नव्हती.

ती म्हणाली, मी काठावरच बसली होती, त्याइच्या चपला घेऊन. लुगडं भिजंल म्हनून गेली नाई. ते दरवाज्यात पोचले, हात हालवला. आत गेले. लई वेळ आत होते – काय काय लिवून घेत होते शाळेतल्या पोरायसाठी. भाएर आले तं मंधात पानी. मी वरडली. ते हसले, हातानं म्हने येतोच. गुडघ्याएवढं तं होतं. मंग कंबर. मंग –

तिने थांबून माझ्याकडे पाहिलं. “साहेब, आभाळ तं कोरं होतं. पाऊस नाई, ढग नाई. पानी आलं कुठून?”

तुम्ही असता तर काय सांगितलं असतं?

मग तीच म्हणाली, “तुमी तं जाऊन आले ना. कोन्या वाटेनं गेलते? ते कुठं चुकले, तेवढं मले सांगा.”

खण माझ्या गुडघ्याला लागत होता. आत ते कार्ड होतं, कोरं.

मी म्हणालो, “डाव्या हाताला खडकाची एक रांग आहे. ती धरून जायचं असतं. ते उजवीकडून आले असतील.”

तिने हळूच मान हलवली. उजवा हात उचलून, डोळे मिटून, तिने ती जागा पुन्हा पाहिली असावी. “हो,” ती म्हणाली. “उजवीकडूनच आले. म्हंजे चूक त्याइचीच झाली.” मग कात्रण घडी करून पदरात बांधलं. उठताना म्हणाली, “बरं झालं समजलं. लोक म्हनत, पेपरवाल्यानं खोटं लिवलं. मी सांगन त्याइले, तसं नाई म्हनून.”

जिना उतरताना तिने दिराला ‘उजवीकडून’ म्हणून सांगितलेलं मला ऐकू आलं.

तिथे खडकाची रांग नाही. मी त्या फोटोत भिंगाने शोधली आहे. डावीकडे वाळू आहे, उजवीकडेही वाळू आहे.

पुढे मी अमरावतीला एका दैनिकात आलो. बढत्या मिळाल्या. नवीन मुलांना मी शिकवत असे – पाहिलं नाही ते लिहू नका. काही वर्षांनी एका शिक्षक परिषदेत धामणगावकडच्या बाई भेटल्या. बोलता बोलता त्यांनी सांगितलं, आमच्या शाळेत एक गुरुजी होते, समुद्रात गेले. बिचाऱ्यांनी पेपरात नीट दिलेली वाट सोडली, उजवीकडून गेले. मुलांना अजून सांगतात – सांगितलेली वाट सोडायची नाही. त्यांची बायको कापसाच्या जिनात कामाला जाते. तीच सांगते सगळ्यांना. मी मान हलवली आणि चहा संपवला. तेव्हाही धामणगावची गाडी दिवसातून अनेक वेळा सुटत होती; मी कधी बसलो नाही.

भीती गेली का, विचाराल. तेव्हा पाण्याची होती. नंतर पोस्टमनची, नंतर हात जोडून दारात उभ्या राहणाऱ्या प्रत्येक बाईची. कोऱ्या आभाळाची अजून आहे.

जबाबी कार्ड माझ्याकडे आहे. तो फोटोही आहे, न कापलेला. अकोल्याच्या जठारपेठेतल्या एका स्टुडिओतून मी मोठी प्रत करून घेतली होती. खालच्या दीड इंचात ओल्या वाळूवर पावलं आहेत, माझी. काठापासून ओहोळापर्यंत जाणारी, आणि तिथून परत येणारी. जाणाऱ्यांत टाच आणि बोटं दोन्ही उमटली आहेत. येणाऱ्यांत टाचा जवळजवळ नाहीत. मी ती मोजली आहेत. जाताना एक्केचाळीस. येताना सव्वीस.