भोंगा जिनिंगचा नव्हता

माझं माहेर कळंबकडचं. तिथं पाणी म्हणजे विहिरीतलं, दोराला बांधून वर येणारं, आपण ओढू तेवढंच. लग्न होऊन दिग्रसच्या अलीकडच्या या गावात आले तर घराच्या मागच्या दारातच नदी, आणि नदीवर धरण. भर उन्हाळ्यात सकाळी जिच्यातून बकऱ्या चरत जातात, तीच नदी दुपारी कमरेइतकी वाहायला लागते. काहून? तर खालच्या गावांना प्यायला पाणी सोडलं. ढग नाही, पाऊस नाही, अन् पूर! अशा पाण्यावर माणसानं विश्वास कसा ठेवावा, बाप्पा? मी तर नाही ठेवला. सगळे हसतात मला. हसू द्या.

गावाखाली देवीचा डोह आहे. त्यात मोठ्या खवल्यांचे मासे आहेत, उन्हात पाठ अशी चमकते की डोळे दिपतात. शहरातून पाहायला आलेल्या पोरापोरींनी सांगितलं, हा महसीर, आता कुठंकुठंच उरला. आमच्याकडं त्या देवीच्या मासोळ्या. नवी नवरी आली की तिच्या हातून त्यांना कणकेच्या गोळ्या घालतात, मीही घातल्या, मागून नणंदेला घट्ट धरून. डोहात कोणी जाळं टाकत नाही, टाकलं तर गाव त्याला सोडणार नाही. पण गावाचा कायदाही मजेशीर आहे. डोहाबाहेर निघाली की मासोळी देवीची राहत नाही, रश्श्याची होते.

अन् धरणाच्या पाण्यानं त्या बाहेर निघतात. पाणी सुटलं की त्यांना वाटतं पूर आला, डोह सोडून वर उथळात चढतात. मग धरणावरून पाणी एकदम बंद करतात. नदी भराभर उतरते अन् मासोळ्या खडकांतल्या डबक्यांत अडकतात. डबकं तापतं, मासोळ्या तोंड वर काढून आ वासतात, तोवर गाव टोपल्या घेऊन हजर. त्या आधी माझा नवरा हजर. शेतातलं काम टाकून, ओल्या पोत्यात एकेक मासोळी धरून तो डोहाकडं पळतो. धरणाच्या ऑफिसातही जाऊन आला किती खेपा. पाणी एकदम बंद करू नका, थोडं थोडं कमी करा, मासोळ्या आपल्या आपण खाली उतरतील. तिथले लोक म्हणाले, आता माशांले विचारून धरण चालवाव काय?

त्या दिवशी सकाळीच पाणी बंद झालेलं. नवरा नदीत होता, मी मागच्या दारी तुरी पाखडत होते. दुपारून भोंगा वाजला. आता हे सांगायला पाहिजे की पाणी सोडायच्या आधी धरणावर भोंगा वाजतो, अन् रस्त्यावरच्या जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कापसाच्या कारखान्यात, पाळी बदलली की तिथंही वाजतो. दोन्ही एकाच आईचे लेकरं, आवाजात फरक नाही. म्हणून गाव वेळेवरून ओळखतं. या वेळेचा भोंगा म्हणजे जिनिंगचा, बस. नवऱ्यानं तर नदीतून मान वर करूनही पाहिलं नाही. मीही सूप झटकतच राहिले.

मग माझी नजर अंगणात गेली. दीर खाटेवर घोरत होता. दीर जिनिंगमध्ये हमाल आहे. हा या वेळी घरी काहून? अन् आठवलं, आज अमुशा! अमावस्येला हमाल कापसाची गठाण उचलत नाहीत, जिनिंग बंद असते.

मग वाजलं कोण?

सूप कुठं फेकलं मला माहीत नाही. दिराच्या खाटेला लाथ घातली, "भाऊजी, उठा, पाणी सुटलं!" अन् धावत सुटले. तळपायाला काटे, खडे काहीच कळेना. नवरा थेट नदीच्या मधोमध होता, छातीशी पोतं, पोत्यात मासोळी फडफडत होती.

"अवो, निंघा! पाणी येऊन राह्यलं!"

"जिनिंगचा हाय तो!"

"अमुशा आहे आज!"

तेव्हा त्याचा चेहरा बदलला. पण पोतं सोडलं नाही त्यानं. वळणावरून काड्या-कचरा ढकलत गढूळ पाणी आलंच, आधी त्याच्या घोट्याला, मग मांडीला. पाय घसरला अन् तो दिसेनासा झाला. मी किंचाळले की नाही मला सांगता येणार नाही. एवढंच माहीत आहे की ज्या पाण्यात मी कधी पायाचा अंगठा बुडवला नव्हता त्यात मी छातीइतकी उभी होते, माझा पदर दिराच्या मुठीत अन् नवऱ्याची कॉलर माझ्या मुठीत.

काठावर ओढून काढलं. खोकून खोकून पाणी ओकला अन् पहिलं काय बोलला?

"मासोळी गेली काय वं डोहात?"

मी फाडकन त्याच्या थोबाडीत मारली. सगळ्या गावादेखत. "पाणी आल्यावर तिले तुमची काय गरज होती? ते पाण्यातलीच हाय! तुमी हाय काय?" अन् मग त्याच्याच गळ्यात पडून मोठ्यानं रडले.

दुसऱ्या दिवशी मीच गेले ऑफिसात. म्हटलं, "साहेब, मासोळ्याइचं राहू द्या. तुमी पाणी एकदम बंद केलं का माहा माणूस नदीत उतरते. त्याले मी कसं आवरू ते सांगा." साहेबानं हातातली फाईल मिटली. मग म्हणाला, बाई, पाहतो.

त्यानं शब्द पाळला. पुढच्या खेपेला पाणी दिवसभर हळूहळू उतरलं. एकेक खडक उघडा पडत गेला अन् मासोळ्या पाण्यासंगं खाली सरकत गेल्या. टोपलीवाले हात हलवत परतले. नवरा काठावरच बसून होता, पाय कोरडे. त्या रात्री मी पोटभर जेवले.

परवा जाऊबाईनं बातमी आणली, साहेबाची बदली झाली, नवीन साहेब रुजूही झाला. उद्या पाणी बंद होणार आहे. नवऱ्याला मी अजून सांगितलेलं नाही.